परदेशातून काय आणावं आणि नागपूरपर्यंत काय टिकतं

उन्हाळ्याच्या सुट्टीत बँकॉक, सिंगापूर, दुबई करून येणाऱ्यांच्या बॅगेत दोन-तीन किलो चॉकलेट असतंच. इकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे सोनेगाव विमानतळावर उतरून बॅग गाडीच्या डिक्कीत टाकली की संपलं. फ्रीजमध्ये ते पुन्हा घट्ट होतं, पण वर पांढरट थर धरतो. ती बुरशी नव्हे, आतली चरबी वर आलेली असते. खायला चालतं, द्यायला मात्र कसंतरी वाटतं. एप्रिल ते जून क्रीम भरलेली चॉकलेटं घेऊच नका. साखरेचं कडक कवच असलेल्या गोळ्या त्यातल्या त्यात तग धरतात. आणताना हातातल्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा. फ्रीजमधून काढलेला डबा तासभर तरी उघडू नका. कूलरच्या दमट हवेत थंड चॉकलेटवर लगेच पाणी सुटतं, साखर विरघळते आणि ते खरखरीत होतं.

दुसरी अडचण वजनाची. मुंबई-नागपूर तिकीट वेगळं काढलं असेल तर देशांतर्गत मर्यादा लागते: साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. तिकडून २५-३० किलो आणलेल्यांना मुंबईच्या काउंटरवर किलोमागे पैसे मोजावे लागतात, आणि दुबईचा स्वस्त खजूर इतवारी बाजारातल्यापेक्षा महाग पडतो. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर सहसा आधीचीच मर्यादा चालते, तरी बुकिंगवर वाचून घ्या. मुंबईत बॅग सोडवून, कस्टम करून पुन्हा चेक-इन करावी लागत असेल, तर अत्तर आणि बाटल्या तिथेच मोठ्या बॅगेत सरकवता येतात. दारू माणशी २ लिटर, त्यात ड्यूटी फ्रीची बाटलीही धरतात.

आजी-आजोबांना बाम आवडतो. टायगर बाम घेतलात तर पांढरा घ्या. तांबड्याचे डाग धोतरावर, चादरीवर पडतात.

घर शाकाहारी असेल तर खाऊचं लेबल नीट वाचा. आपला हिरवा ठिपका तिकडे नसतो. जेली आणि मार्शमॅलोमध्ये बहुधा जिलेटिन असतं. पाकिटावर ‘हलाल’ लिहिलं म्हणजे शाकाहारी नव्हे. ते जिलेटिनही जनावराचंच असू शकतं. ई-१२० हा लाल रंग किड्यांपासून करतात. थाई करी पेस्टमध्ये बहुतेक वेळा वाटलेली कोळंबी असते, भाजीचं चित्र असलेल्या डब्यातही. काकूंना दिल्यावर हे कळलं तर काय होईल ते सांगायला नको.

विजेच्या वस्तूंवरचे बारीक आकडे वाचल्याशिवाय पैसे काढू नका. आपल्याकडे २३० व्होल्ट, जपानमध्ये १००, अमेरिकेत १२०. चार्जरवर ‘इनपुट १००-२४०’ असेल तर फक्त पिन बदलायची. नुसतं १०० किंवा १२० लिहिलेला हेअर ड्रायर किंवा राइस कुकर इथे लावला की जळतो. पिनेचा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून पुढे सिमचा कप्पाच नाही, त्यामुळे कार्डाशिवायची ई-सिम करून घ्यावी लागते. ड्रोन आणि ई-सिगारेट आणायचंच नाही, ड्रोनच्या आयातीवर आणि ई-सिगारेटवर भारतात बंदी आहे. ऑर्किडची रोपं, कंद, बियाणं प्रमाणपत्राशिवाय आणलं तर अडवतात.

जोड्यांसाठी नंबर विचारू नका. निघण्याआधी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवा, टाच ते अंगठा सेंटिमीटरमध्ये मोजा आणि कागद पाकिटात ठेवा. आपला ८ नंबर म्हणजे युरोपचा साधारण ४२, अमेरिकेत पुरुषांचा ९.

सिंगापूरला एका दुकानात १०० डॉलरच्या वर खरेदी झाली तर ९ टक्के जीएसटीचा परतावा मागता येतो. सेवाशुल्क कापून हातात थोडे कमी येतात. बिल जपा आणि मोठी बॅग चेक-इन करण्याआधीच विमानतळावरच्या यंत्रावर नोंद करा, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात.

आणि फ्रीजचे मॅग्नेट. दहा जणांना दहा मॅग्नेट हा सोपा मार्ग खरा, पण आता बऱ्याच घरांत काचेच्या दाराचे फ्रीज आलेत, त्यावर ते चिकटत नाहीत. त्यातून ‘मेड इन चायना’ची की-चेन तर बर्डीच्या बाजारातही मिळते. त्यापेक्षा तिथल्या चहाची दहा छोटी पाकिटं घ्या: हलकी, चपटी, उन्हाला न भिणारी. दोन जास्तच घ्या. घरी पोचल्यावर कुणीतरी आठवतंच.