आमची वाटचाल: घरच्या इन्व्हर्टरपासून पेलेटच्या भट्टीपर्यंत

फोंड्यात आमचे दुकान सुरू झाले ते घरगुती इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांवर. गोव्यात या धंद्याला जाहिरात लागत नाही. जून लागला, वाऱ्याने माडाची झावळ तारांवर पडली, की फोन सुरू. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही. हिशेब सोपा, म्हणून स्पर्धाही भरपूर.

वेगळे काम मिळाले ते एका बेकरीमुळे. धुरावरून शेजाऱ्यांची कुरकुर वाढल्याने त्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, लाकूड सोडून भट्टीला पेलेट बर्नर बसवला होता. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. धूर कमी, आच एकसारखी. पण लाकडाच्या भट्टीला वीज लागत नाही, हिला लागते. स्क्रू कांड्या पुढे ढकलतो, ब्लोअर हवा देतो. पहाटे लाईट गेली की दोन्ही ठप्प. आत पडलेल्या कांड्या मात्र लगेच विझत नाहीत. हवा कमी पडून धुमसतात, धूर बेकरीत शिरतो आणि आग नळीतून उलटी हॉपरकडे, म्हणजे कांड्यांच्या साठ्याच्या पेटीकडे, सरकण्याची भीती असते. उंड्यांचा, म्हणजे गोल पावांचा, घाणा वाया जातो तो वेगळाच.

तिथे स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर होता, म्हणजे झटक्याझटक्याने चौकोनी लहरीची वीज देणारा. त्यावर स्क्रूची मोटर गुरगुरायची आणि हात ठेववणार नाही इतकी तापायची. तेव्हापासून बर्नरला आम्ही प्युअर साइन वेव्हच देतो, म्हणजे लाईनसारखी गुळगुळीत लहरीची वीज देणारा. कोटेशनही पाटीवरचे वॅट वाचून देत नाही. वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावायचा, मोटर सुरू होताना किती ओढते ते बघायचे, मग आकडा सांगायचा.

गिऱ्हाईक विचारते, ‘‘किती तास चालेल?’’ आमचा उलटा प्रश्न असतो, लाईट गेल्यावर भट्टी चालवायची आहे की विझवायची? विझवायची असेल तर स्क्रू बंद ठेवून फक्त ब्लोअरला बॅकअप द्यावा. उरलेल्या कांड्या जळून जातात आणि धूर चिमणीतून निघून जातो. त्याला छोटा संच पुरतो. चालवायची असेल तर १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, इन्व्हर्टरही थोडे खातो. १५० वॅटच्या भाराला पाच तास धरा, जास्त नाही. पेलेट पेटवायला विजेचा इग्नायटर असेल तर तो काही मिनिटे एकटाच तीनशे-चारशे वॅट घेतो, तो वेगळा मोजावा.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले तेव्हा गोव्यात ठिकठिकाणी वीज गेली. त्यानंतर भट्ट्या चालवणाऱ्या काजूवाल्यांचीही विचारणा सुरू झाली. या लोकांची एक खोड मोडता मोडत नाही, बॅटरी भट्टीच्या उबेलाच ठेवतात. सतत दहा अंश जास्त तापमानात बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते. हे सांगून घसा दुखला, म्हणून आता लांब केबल आम्हीच धरून दर लावतो.

२८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालची वीज गेली, तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या भावाने तिकडून फोन केला. त्यांच्या घरात थंडीसाठी पेलेटचा स्टोव्ह आहे. तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि तोच पंखा, तोच स्क्रू. माल इथून पाठवणे परवडणारे नव्हते. काय घ्यायचे ते लिहून दिले आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधी घ्या म्हणून बजावले. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या इथल्या घराचे सोलरचे काम मात्र आम्हालाच मिळाले.