रास मोहम्मदचा काठ

पाणी तोंडात गेलं आणि मी दचकलेच. खारट असणार हे माहीत होतं, पण हे मीठ जिभेवरून जाता जाईना, ओठ चुरचुरायला लागले. बहुतेक समुद्रांत किलोभर पाण्यामागे सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. तांबड्या समुद्राच्या या उत्तर टोकाला ते ४०च्या वर जातात. आकडा वाचला होता, चव मात्र आत्ता कळली.

कैरोतल्या चार दिवसांबद्दल पुन्हा कधीतरी. शर्म-अल-शेख या इजिप्तच्या किनारी शहरातला हॉटेलांचा पट्टा मला अजिबात आवडला नाही. रात्रभर गाणी, आणि समुद्र फक्त फोटोच्या मागे. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी गाडी करून रास मोहम्मद गाठलं. सिनाई द्वीपकल्पाचं हे दक्षिण टोक १९८३ पासून संरक्षित आहे. रखरखीत, पिवळट कडे. हात लावून पाहिला तर दगडात पोवळ्यांच्या नक्ष्या! अख्खा कडाच जुन्या प्रवाळांचा. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा थोडी वर होती तेव्हाची अशी खडकं या किनाऱ्यावर जागोजागी उघडी पडली आहेत.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा, मोजकं बोलणारा, बेदुइन म्हणजे वाळवंटी टोळीतला. टोकावर दक्षिणेकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाला, "मॅडम, डावीकडे अकबा, उजवीकडे सुवेझ. उजवीकडे नांगर टेकतो. डावीकडे टेकत नाही."

एवढ्या थोडक्यात हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. अरबस्तानचा भूपट्ट आफ्रिकेपासून सुटायला लागला त्याला जवळपास तीन कोटी वर्षं होत आली. ती फट वर सुवेझच्या दिशेने फाटत गेली आणि तिथे मंदावली. त्यामुळे सुवेझचं आखात उथळ राहिलं, बहुतेक ठिकाणी शंभर मीटरसुद्धा खोल नाही. मग ताण दुसऱ्या वाटेने निघाला. अरबस्तान सिनाईला घासत उत्तरेकडे सरकू लागला आणि अकबाचं आखात खचत गेलं, ते आज काही ठिकाणी १८०० मीटरांहून खोल आहे. माझ्या दोन हातांना दोन आखातं होती, एक अर्ध्यावर सुटलेलं आणि एक अजून चालू असलेलं.

मग आम्ही डावीकडच्या पाण्यात उतरलो.

सुरुवातीला पाणी कमरेएवढंच. खाली पोवळ्यांचं पठार, त्यावर नारिंगी माशांचे थवे, आणि तळापर्यंत लख्ख उजेड. या समुद्राला बारमाही नदी मिळत नाही, पाऊसही नावापुरता, त्यामुळे गाळ येणार कुठून? हातपाय मारत मी दहा-पंधरा मीटर गेले असेन. आणि पठार संपलं. उतार नाही, पायरी नाही, सरळ कडा तुटलेला. खाली निळं, मग गडद निळं, मग काहीच नाही. पाण्यावर तरंगत असूनही पोटात खड्डा पडला. उंच इमारतीच्या गच्चीवरून पाय सुटावा आणि आपण पडूच नये, तसं. वाटाड्याने माझं मनगट धरलं. मी श्वास विसरले होते.

तिथे किती वेळ होते सांगता येत नाही. मनात एकच येत होतं, हे पाणी आलंय कुठून? इथून दोन हजार किलोमीटरवर बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी आहे, जेमतेम ३० किलोमीटर रुंद. तिच्या आत समुद्रतळाचा एक उंबरठा आहे, अवघा १३७ मीटर खोल. उन्हाने या समुद्राचं वर्षाला सुमारे दोन मीटर पाणी उडून जातं आणि ती तूट त्या दारातून भरून निघते. वरचं पाणी उत्तरेकडे येत येत खारट होतं, हिवाळ्यात इथे गार होऊन जड होतं, बुडतं आणि खालून परत दक्षिणेला निघतं. उंबरठ्यामुळे बाहेरचं थंड, खोल पाणी आत येऊच शकत नाही. खुल्या महासागरात दोन किलोमीटर खोल गेलं की पाणी गोठण्याच्या जवळ गार असतं. इथे तेवढ्याच खोलीवर ते साधारण २१ अंश राहतं. माझ्या पायांखालचा तो काळोख कोमट होता! हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला तेव्हा तो उंबरठा जवळपास उघडा पडला. आतली क्षारता ५०च्या पुढे चढली आणि पाण्यात तरंगणारे कवचधारी सूक्ष्मजीव इथून नाहीसे झाले.

परत फिरले तर एका बोटीतून उतरलेली वीसेक माणसं पठारावर उभी होती. फिन्स घालून, पोवळ्यांवर, फोटोसाठी. त्यांचा मार्गदर्शक अडवायचं सोडून त्यांना जवळ जवळ उभं राहायला सांगत होता. मी ओरडले, परक्या देशात, परक्या भाषेत. गोल पोवळं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. शिवाय या उत्तरेकडच्या पोवळ्यांना उष्णता इतरांपेक्षा जास्त सोसते. जगभर प्रवाळ पांढरे पडत असताना शास्त्रज्ञ ज्यांच्याकडे आशेने पाहतात, ती हीच. त्यांच्यावर टाचा! तो राग अजून उतरलेला नाही. तिथे जाणार असाल तर बोट लहान निवडा, आणि पाय टेकू नका. तरंगता येत नसेल तर आधी शिका, मग जा.

संध्याकाळी अकबाच्या आखाताकाठच्या दाहाबला पोचलो. समोर सौदीचे डोंगर गुलाबी झाले होते. त्या काठाचे खडक या काठाशी जुळवायचे तर तो काठ शंभरेक किलोमीटर दक्षिणेला सरकवावा लागतो, आणि अजूनही ते वर्षाला सुमारे अर्धा सेंटीमीटर सरकताहेत. वाटाड्याला हे सांगितलं. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला, मग त्याने विचारलं, "कुठल्या बाजूला?"

मी उत्तरेकडे हात केला.