अबेओकुटा : खडकाच्या आसऱ्याने वसलेलं आणि निळीवर जगलेलं गाव

नोकरीधंद्यासाठी नायजेरियात येणारी आपली बरीच मंडळी लागोसच्या बाहेर पडत नाहीत. एखादी सुट्टी हाताशी असेल तर उत्तरेला शंभरेक किलोमीटरवरचं अबेओकुटा जरूर बघा. आज ती ओगुन राज्याची राजधानी आहे, पण हा मान १९७६ चा. गाव त्याच्या आधी जवळपास दीडशे वर्षं वसलं, तेही परागंदा झालेल्या माणसांनी वसवलं.

ओयो हे योरुबा लोकांचं जुनं साम्राज्य खिळखिळं झालं तसा नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा मुलुखात लढायांचा वणवा पेटला. त्यात एग्बा या योरुबा गटाच्या लोकांची गावंच्या गावं बेचिराख झाली. जगले-वाचले ते १८३० च्या सुमारास शोडेके या सरदाराच्या मागोमाग ओलुमो खडकापाशी आले. पुढे ओवू या दुसऱ्या योरुबा गटाचे लोकही येऊन मिळाले. एकत्र राहूनही प्रत्येकाने आपली वस्ती आणि आपला राजा वेगळा ठेवला. अलाके हा त्यांतला सर्वांत मानाचा. पश्चिमेकडच्या दाहोमे राज्याच्या सैन्याने १८५१ आणि १८६४ मध्ये गावावर चाल केली आणि दोन्ही वेळा मार खाल्ला. दुसऱ्या लढाईत दारूगोळा पुरवणारी व्यापारी बाई म्हणजे एफुनरोये तिनुबू. तिला ‘इयालोडे’ म्हणजे बायकांची प्रमुख हा मान मिळाला. बायकांचा व्यापार इथे किती जुना आणि किती वजनदार, ते यावरून कळावं.

ओलुमोवर लिफ्ट आहे, पण गुडघे साथ देत असतील तर जुन्या वाटेनेच चढा. लोक लपून राहायचे त्या कपारी आणि दगडातच केलेले धान्य कुटायचे खळगे वाटेतच दिसतात. खळग्यांच्या कडा वापराने गुळगुळीत झाल्यात. मी त्यांत हात घालून पाहिला, आणि लढाईच्या धामधुमीतही रोजचं कांडण कुणाला चुकलं नव्हतं हे तेव्हा उमगलं. वर देवस्थान आहे, तिथे विचारल्याशिवाय फोटो काढू नका. माथ्यावरून गंजलेल्या पत्र्यांच्या छपरांचं दाट गाव आणि ओगुन नदी दिसते. ऊन तापायच्या आत चढलेलं बरं.

बहुतेक लोक खडक बघून माघारी फिरतात. माझ्या मते ते अर्धंच गाव बघतात. उरलेलं गाव इतोकूच्या बाजारात आहे, आदिरे या निळीत रंगवलेल्या नक्षीदार कापडाच्या दुकानांत. पुरुष शेतीला आणि लढाईला, बायका कापडाला आणि बाजाराला, अशी ढोबळ वाटणी इथे होती. रंगवणारी ती अलारो, नक्षी करणारी ती अलादिरे. विद्या आईकडून मुलीकडे जायची. नक्षी करायची तर कसावा या कंदाची खळ कोंबडीच्या पिसाने कापडावर ओढायची, नाहीतर रॅफिया नावाच्या ताडाच्या धाग्याने कापड बांधायचं. मग ते निळीच्या माठात बुडवायचं. बाहेर काढलं की कापड आधी हिरवट दिसतं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. गडद रंगासाठी हे पुन्हा पुन्हा करावं लागतं.

आता बरंचसं काम मेण आणि रासायनिक रंगांवर चालतं. असे रंग वापरावेत की नाही, हा वाद आजचा नाही. १९३० च्या दशकात अलाकेने कॉस्टिक सोडा आणि कृत्रिम नीळ यांच्यावर बंदी घातली, तेव्हा रंगारी बायकांनी जोरदार विरोध केला. पुढे बायकांवरच्या कराविरुद्ध इथल्या शिक्षिका आणि महिला नेत्या फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी जे आंदोलन उभं केलं, त्यापुढे १९४९ मध्ये अलाकेला गादी सोडावी लागली.

खरेदी करताना कापड उलटून बघा. छापील नकलेची मागची बाजू फिकी असते, आदिरेत रंग आरपार मुरलेला असतो. घासाघीस चालते, पण आधी वडीलधाऱ्या विक्रेतीला ‘ए कारो’ (योरुबात सकाळचा नमस्कार) म्हणून नमस्कार करा. बोलण्याचा सूरच बदलतो. घरी पहिल्या काही वेळा ते वेगळं धुवा, रंग जातो.

जेवायला पानात बांधलेला ओफाडा या इथल्या तांदळाचा भात घ्या. शाकाहारींनी मात्र जपून, रश्शात सुकी मासळी असतेच. भाजलेली कच्ची केळी आणि शेंगदाणे सगळीकडे मिळतात.

लागोसहून इबादानची रेल्वे इथे थांबते आणि रस्त्यापेक्षा ती बरी. स्टेशन गावाबाहेर आहे, त्यामुळे टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा. नायरा (इथलं चलन) सुटे ठेवा. भारतातून येणार असाल तर पीतज्वराच्या लसीचा दाखला जपून ठेवा. तो परतताना भारतातही मागतात, आणि नसला तर विलगीकरणात राहावं लागू शकतं.