कराड ते तुरळ, कुंभार्लीमार्गे : जमिनीखालच्या उबेची चौकशी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कारखान्याचे गाळप संपले, बॉयलर थंड झाला आणि सहवीजनिर्मितीच्या टर्बाइनवर चार महिने पाळ्या केलेल्या आम्हा लोकांचे हात एकाएकी रिकामे झाले. उसाचे चिपाड जाळून आम्ही वीज करतो. कोळशापेक्षा ते केव्हाही बरे, पण ऊस संपला की वीजही संपते. नेमक्या याच दिवसांत कराडच्या आत्तीने, गुडघे दुखतात म्हणून, कोकणातल्या तुरळच्या उन्हाळ्यावर, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावर, नेण्याचा लकडा लावला. तिला गुडघे शेकायचे होते आणि मला ते पाणी नेमके किती गरम आहे हे पाहायचे होते. म्हणून बॉयलर हाऊसमधला काचेचा थर्मामीटर रीतसर नोंद करून मागून घेतला, तो टॉवेलात गुंडाळला आणि पहाटे कडेगावहून निघालो.

सुर्ली घाट उतरून ओगलेवाडीकडे येताना हजारमाची लागते. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी जमिनीत खोलवर छिद्र घेणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा इथेच आहे. या प्रकल्पात गोठणे येथे ३ किलोमीटर खोलीचे पथदर्शी छिद्र घेण्यात आले आणि ते काम २०१७ मध्ये पूर्ण झाले. वरचा काळा कातळ सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा, कित्येक पटींनी जुना खडक लागला. आपण ज्याला सह्याद्री म्हणतो, तो या जुन्या खडकावर थरांवर थर चढलेला लाव्हा आहे, हे शाळेत वाचले होते; पण त्या थराची जाडी कोणीतरी छिद्र पाडून मोजली आहे, ही गोष्ट मनाला वेगळीच भिडते. खोल जावे तसा खडक तापत जातो, याचा अनुभव तर माण-खटावच्या शेतकऱ्यालाही असतो. हजार फुटांच्या बोअरचे पाणी थंडीच्या दिवसांत पहाटे हाताला कोमट लागते, ते उगाच नव्हे.

आत्तीला कराडात गाडीत घेतले. तिच्याबरोबर दोन पिशव्या, एक थर्मास आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी होती. पाटण जवळ आले तशा डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या दिसू लागल्या. वनकुसवड्याचे पठार आणि त्याच्या आसपासचे सडे पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध आहेत, परंतु त्या सकाळी बहुतेकींची पाती जागच्या जागी उभी होती. पावसाळ्यात हेच माथे वाऱ्याने घुमतात. माघ-फाल्गुनात वारा पडतो. "एवढी खटपट करून उभी केली, आन् फिरत का नाहीत रं?" असे आत्तीने विचारले तेव्हा मला आमचे थंड पडलेले टर्बाइन आठवले.

हेळवाकला चहासाठी थांबलो. कोयनेची जलविद्युत ही महाराष्ट्राची मोठी मिरास आहे. सगळे टप्पे धरून तिची क्षमता १,९६० मेगावॉट आहे आणि संध्याकाळी मागणी चढली की काही मिनिटांत ती मदतीला येते. तरीही तिचा हात मोकळा नाही, कारण कृष्णा पाणी तंटा लवादाने वीज करून पश्चिमेकडे, म्हणजे कोकणात, सोडायच्या पाण्याला वर्षाकाठी ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. एकूण काय, चिपाडाची वीज हंगामापुरती, वाऱ्याची ऋतूपुरती आणि पाण्याची कोट्यापुरती. रात्रंदिवस, बाराही महिने एका चालीने चालणारे असे आपल्याकडे काय उरते? मुख्यतः कोळसा. भूगर्भातील उष्णतेचा, म्हणजे भूऔष्णिक ऊर्जेचा, विचार मला महत्त्वाचा वाटतो तो यामुळे. जिथे ती नीट सापडते, तिथली केंद्रे वर्षातला बहुतेक काळ पूर्ण क्षमतेने चालू राहतात, त्यांना इंधनाची गाडी लागत नाही आणि कोळशाच्या तुलनेत धूर व कार्बन नगण्य असतो. इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवून दाखवले गेले आणि तिथे आजही वीज होते. केनियाची निम्म्याच्या जवळपास वीज याच मार्गाने येते, आणि तो काही श्रीमंत देश नव्हे.

चहावाल्याकडे बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांशी बोलणे निघाले. कोयनेचा मोठा भूकंप झाला त्या ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते दहा वर्षांचे होते. "आधी आवाज आला, मग घर आलं," एवढेच ते म्हणाले आणि बशीतला चहा संपवू लागले. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरू लागल्यानंतर इथे धक्के सुरू झाले आणि पाण्याचा दाब व ते भेगांतून खाली मुरणे यांनी मुळातच ताणलेले खडक सरकले, असे शास्त्रज्ञ सांगतात. ही गोष्ट भूऔष्णिक ऊर्जेपासून दूरची नाही. जिथे नैसर्गिक वाफ नाही, तिथे तापलेल्या कोरड्या खडकात दाबाने पाणी घालून तो फोडायचा आणि तेच पाणी गरम करून वर काढायचे, अशी एक पद्धत आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे २००६ मध्ये हे करताना ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि पुढे तो प्रकल्प गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियात पोहांग येथे २०१७ साली झालेला साडेपाचच्या आसपासचा भूकंप अशाच प्रकल्पामुळे ओढवल्याचा निष्कर्ष तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीने काढला. तेव्हा कोयनेच्या खोऱ्यात खडक फोडून उष्णता काढू, असे कोणी उत्साहाने म्हणू लागले, तर त्याला आधी हेळवाकच्या या बाकावर आणून बसवावे.

कुंभार्ली घाटाने खाली उतरताना कान दडपतात आणि हवा बदलते. माथ्यावर एकही उन्हाळे नाही. खाली कोकणात मात्र राजापूरपासून वज्रेश्वरीपर्यंत त्यांची रांगच आहे. पुष्कळांना वाटते की, खाली अजून ज्वालामुखी धगधगत असावा. तसे नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून तो केव्हाच थंड झाला. पावसाचे पाणी कोकणातल्या खोल भेगांतून उतरते, खालच्या खडकाची ऊब घेते आणि दुसऱ्या भेगेने झपाट्याने वर येते. ती ऊब काही पृथ्वीच्या जन्मापासूनची आणि काही खडकातल्या युरेनियम, थोरियम व पोटॅशियमच्या किरणोत्सर्गाची. म्हणजे आत्तीचे गुडघे शेकणारे पाणी एका अर्थाने अणुऊर्जेवर तापलेले असते, हे मी तिला सांगितले नाही.

शिमग्याचे दिवस असल्यामुळे चिपळूणच्या पुढे दोन ठिकाणी पालखीसाठी थांबावे लागले आणि तुरळला पोहोचेपर्यंत दुपार झाली. कुंडाच्या दगडी काठाला पांढरट पुटे चढली होती, गंधकाचा सौम्य वास येत होता आणि तळातून बुडबुड्यांची एक बारीक माळ सारखी वर येत होती. थर्मामीटर दोरीला बांधून सोडला, पारा स्थिर होईपर्यंत थांबलो. ६१ अंश. आमच्या बॉयलरची वाफ पाचशेच्या आसपास असते, त्यामुळे आधी हसूच आले. आत्तीने तोवर बादलीभर पाणी काढून निवत ठेवले होते.

पण ६१ अंशांना अगदीच नावे ठेवता येत नाहीत. अलास्कात चेना येथे ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज होते. कमी तापमानाला उकळणारे दुसरे द्रव त्या पाण्याने तापवून त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवतात. मेख अशी की, तिथे ते थंड करायला बर्फासारखे पाणी फुकट मिळते. टर्बाइन उष्णतेवर जितके चालते, तितकेच गरम-थंडातल्या फरकावर चालते, हे वाफ निववून तिचे पाणी करणाऱ्या आमच्या कंडेन्सरवर काम केलेला कोणीही सांगेल. तुरळला थंड करायचे पाणीच २८ अंशांचे. हिशेब मांडला तर शंभर भाग उष्णतेतून सिद्धांताने जास्तीत जास्त दहा भाग काम निघते, प्रत्यक्षात त्याच्या निम्मे. चेनाला सिद्धांताचा आकडा वीस येतो.

उलट वीज बाजूला ठेवली, तर चित्र पालटते. सेकंदाला एक लिटर पाणी वीस अंशांनी निवले, तर ८४ किलोवॉट उष्णता मिळते. तिच्यापासून वीज केली तर जेमतेम चार किलोवॉट. आंबापोळी, कोकम, सुकट, काजू वाळवायला एवढी उष्णता पुष्कळ झाली, आणि तीही वळवाच्या पावसात पोळ्या भिजण्याची धास्ती न बाळगता. देशात मेगावॉटच्या गोष्टी कराव्यात त्या लडाखच्या पुगा खोऱ्यात, जिथे जमिनीखालचे पाणी याहून पुष्कळ गरम आहे. भूऔष्णिक ऊर्जेसाठी २०२५ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आहे. त्याचा पहिला फायदा कोकणाला वीजकेंद्राच्या रूपाने नव्हे, तर वाळवणाच्या खोल्यांच्या रूपाने व्हावा, असे मला वाटते.

आत्ती तासभर पाय बुडवून बसली. निघताना तिने थर्मास कुंडाच्या पाण्याने भरून घेतला. घाट चढून हेळवाकला आलो तेव्हा अंधार पडला होता, चहाची टपरी बंद होती आणि वरच्या माथ्यावरच्या पवनचक्क्यांचे तांबडे दिवे लुकलुकत होते. कराडला दारात गाडी उभी करून मी थर्मासात थर्मामीटर घातला. ५४ अंश. "बघत काय बसलास? दे इकडं," म्हणत आत्तीने थर्मास घेतला आणि ओसरीवरच बसून गुडघ्यावर फडके ओले केले.