चोरलेलं दूध

ते बाळ माझ्या वहीत नव्हतंच.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, उचगावच्या पलीकडे. शेवटचा बांध ओलांडला की चंदगड तालुका, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. मुली तिकडे द्यायच्या, तिकडच्या इकडे सुना करून आणायच्या, हे आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलंय. सोयरिकीला सीमा आडवी येत नाही, आशाच्या, म्हणजे माझ्यासारख्या गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, वहीला येते. बाळाची आई आमच्याच गावची पोरगी, पण तिची गरोदरपणाची नोंद सासरी, चंदगडात. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती सातव्यात इकडे आली, बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात सिझर झालं आणि पाचव्या दिवशी घरी आली. तिकडची आशा समजली, पोरगी बेळगावकडं आहे, तिथले बघतील. माझ्याकडे नोंदच नाही, म्हणून मी काहीच समजले नाही. चार घरं सोडून राहते मी, मला कळायला हवं होतं. पण जुलै होता, रताळ्याचे वेल लावायची घाई, दिवसभर मीही चिखलातच. आशाच्या पैशावर घर चालत नाही हो.

नियम असा की दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ-बाळंतीण बघायची. सगळ्या भेटी झाल्या की २५० रुपये. इथं सातवा दिवस उलटून गेलेला. नवव्या दिवशी अंगणवाडीची मदतनीस वाटेत भेटली नि म्हणाली, "त्यांच्या घरात बाटल्या उकळूलालीत गे." तशी मी पाय धुऊन, पिशवी घेऊन गेले.

बाळंतिणीची खोली आमच्याकडे असते तशीच. खिडकी बंद, शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपेची धुरी, डोळे चुरचुरतील असा धूर. पोरगी भिंतीला टेकून, कानाला फडकं बांधून. वय एकवीस. खाटेवर दोन मावश्या, उंबऱ्यात एक काकी, दारात शेजारची. सगळ्या बघायला आलेल्या आणि प्रत्येकीकडे एकेक उपाय. कोनाड्यात दूधपावडरचा डबा, शेजारी बाटली.

बाळाला झोळीत घालून काटा उचलला. २.४५०. दवाखान्याच्या कागदावर जन्माचं वजन २.७०० होतं.

"तुझा काटा खोटा हाय," आजी म्हणाली. पोरीची आजी, सत्तरीची, अजून दोन म्हशींचं सगळं स्वतः करणारी. आत गेली, किलोची साखरेची पुडी घेऊन आली आणि म्हणाली, अडकव. अडकवली. काटा बरोबर एकावर थांबला. आजी काही बोलली नाही, पुडी तेवढी आत नेऊन ठेवली.

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच, त्याला घाबरायचं कारण नाही. पण शंभरातले सात भाग गेले की मी कान टवकारते आणि दहा गेले की थांबत नाही. हे नऊच्या वर होतं, तेही नवव्या दिवशी, जेव्हा वजन परत चढायला लागलेलं असायला हवं. ताप नव्हता, अंग गार नव्हतं, श्वास ठीक, तळव्याला टिचकी मारली तर चांगलं रडलं. लघवी? मावश्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी पोरगीच बोलली, सकाळपासून दोन दुपटी. या वयाला दिवसभरात निदान सहा तरी ओली व्हायला हवीत.

पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, दर दोन तासांनी पाजायला लावा, उद्या सकाळी बाळाला माझ्याकडे आणा, आणि रात्रीत सुस्त पडलं, चोखेनासं झालं, तर माझी वाट न बघता सरळ बेळगावला जिल्हा रुग्णालयात.

मग मी बाटलीकडे वळले. आजीला विचारलं, कशी करता? पूर्ण बाटलीभर पाणी आणि एक चमचा पावडर. डबा महाग, पुरवून वापरायला हवा! डब्यावरच्या मापानं तेवढ्या पाण्याला तीन-चार पट पावडर लागली असती. म्हणजे लेकरू चार दिवस जवळजवळ पांढरं पाणी पीत होतं. पोट भरायचं, झोप लागायची, आणि निजलेलं बाळ आईचं दूध कशाला ओढेल? डबा दवाखान्यातच लिहून दिलेला, 'दूध येईपर्यंत' म्हणून. सिझरनंतर दूध उतरायला एखाद-दोन दिवस उशीर होतो, ते खरं. पण दूध येईपर्यंत काय करायचं, बाळ अंगाला कसं लावायचं, हे त्या पोरीला कुणी एकदाही जवळ बसून दाखवलं नव्हतं. डबा लिहायला दोन मिनिटं लागतात, बाळ लावायला शिकवायला तासभर. 'आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम' हे डब्यावर छापावंच लागतं, १९९२ चा कायदा आहे तसा. या डब्यावरही छापलेलं होतं. घरात कुणी वाचलं नव्हतं.

इथं माझं चुकलं. मी तापले आणि आजीवर घसरले. पिशवीतून चित्रांची वही काढली आणि सुरू झाले: सहा महिने फक्त स्तन्यपान, पाणीसुद्धा नाही, गुटी नाही. वही कन्नड. माझं ट्रेनिंगही कन्नडातच झालं, वाचते, बोलते, अडत नाही. स्तन्यपान हा शब्द तर दोन्ही भाषांत चालतो. आजीला तो दोन्हींत कळला नाही. आम्ही 'अंगावर पाजणं' म्हणतो. मी कागदावरचं बोलत होते.

"कागद ठेव तुझा," आजी म्हणाली. "दूधच न्हाई तिला. पिळून बघितलं मी. थेंब येईना. लेकराला काय उपाशी ठेवू?"

आणि ती उठून गेली, कारण पाच वाजले होते आणि म्हशी ओरडत होत्या.

मी खोलीत दोन मिनिटं बसले. पोरगी रडत होती. मावशीनं मेथीचे लाडू वाढवायला सांगितले, काकी म्हणाली आमच्या वेळी असं नव्हतं. मी उठून गोठ्यात गेले. माफी मागावी म्हणून, खरं सांगायचं तर.

आजीनं रेडकू सोडलेलं. त्यानं कासेला ढुसण्या दिल्या, चारी सड एकेक करून तोंडात घेतले, आणि म्हैस पान्हावली. मग रेडकू बाजूला बांधून आजी बसली. धार मारता मारता माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल ह्या वक्ताला म्हशीचा दलाल आलता बघायला. परका माणूस बघून हिनं दूध चोरलं. अर्धा लिटर बी दिलं न्हाई. कास तर भरलेली दिसूलालती."

मी म्हणाले, "आजी, तुमची नात पण चोरूलालीय."

धार थांबली.

"तिची कास तुम्ही बघितलीत," मी म्हणाले. "भरलेली की रिकामी?"

"दगड झालीय," आजी म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. म्हशीच्या पायाशी बसून तिनं काय काय जोडून घेतलं, ते माझ्या चित्रांच्या वहीत नाही. टाक्यांचं दुखणं, चार बाया डोळ्यांसमोर, चंदगडहून दिवसातून तीनदा फोन, "दूध आलं काय?" अशा खोलीत म्हैससुद्धा पान्हा सोडणार नाही. आणि रेडकाच्या तोंडात दुसरंच काही घातलं तर म्हशीची कास आटते, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. हे तिनं मला सांगितलं.

आत येऊन तिनं सगळ्यांना उठवलं. मावश्यांना, काकीला, शेजारणीला. "चला, चहा घ्या भायेर." फोन उचलून चुलीजवळच्या फळीवर ठेवला. शेगडी हलवली, खिडकीची एक फळी उघडली. ओल्या मातीचा वास आत आला.

पुढचं माझं काम. पोरगी बाळाला नुसतं स्तनाचं बोंडूक देत होती आणि तेही ओठांच्या टोकाला, म्हणून चिरा पडून रक्त आलेलं, म्हणून बाळ जवळ आलं की तिचा खांदा वर चढायचा. पोटावर टाके, मांडीवर घेतलं की दुखायचं. मी बाळाला तिच्या काखेखाली घेतलं, पाय पाठीमागच्या बाजूला, खाली दोन उशा आणि एक वाकळ. आधी दगड झालेली बाजू हातानं थोडी पिळून मऊ केली, नाहीतर बाळाच्या तोंडात धरायलाच काही येत नाही. मग वरच्या ओठाला स्पर्श करून थांबायचं. घाई करायची नाही. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की त्या क्षणी बाळाला अंगाकडे आणायचं, अंग बाळाकडे न्यायचं नाही. हनुवटी रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरून जास्त दिसतो, खालून कमी. पहिल्या दोन वेळा नाही जमलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा पोरीनं श्वास रोखला आणि मग म्हणाली, "दुखूलालं न्हाई."

आधी भरभर चोखलं. मग चाल बदलली, ओढ, थांब, घोट. घोटाचा आवाज आला. आणि दुसऱ्या बाजूनं तिच्या झंपरवर ओला डाग पसरत गेला.

"पान्हा फुटला बघ," आजी म्हणाली.

"आजी, मी म्हस न्हवं," पोरगी म्हणाली, आणि हसली. त्या घरात शिरल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना बघत होते.

(बाईला म्हशीची उपमा दिली हे मी आमच्या गटाच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा दोघी-तिघींना ते रुचलं नाही. मला त्यात कमीपणा वाटत नाही. ज्या बाईनं पन्नास वर्षं धारा काढल्यात, तिला दुधाबद्दल माझ्यापेक्षा कमी कळतं असं कशावरून?)

पावडर मात्र त्याच दिवशी बंद केली नाही. उतरलेल्या वजनाचं बाळ, तिथं हट्ट चालत नाही. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी तपासलं आणि ठरवून दिलं: दर वेळी आधी अंगावर, मग पिळून काढलेलं दूध, आणि कमी पडेल तेवढीच पावडर, डब्यावरच्या मापानं. बाटली काढून टाकायची. तर आजीनं पेटीतून बोंडलं काढलं, बाळाला पाजायची चोचीची वाटी. पोरीच्या आईला ज्यानं गुटी पाजलेली तेच, पितळेचं, आतून कल्हई गेलेलं. ते मी वापरू दिलं नाही. बाजारातून स्टीलचं आणलं. यावर आजी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

रात्रीच्या पाजण्यावरून घरात एकदा वाजलं. पोरीची आई म्हणायची तिला झोपू दे, मी रात्रीचं बोंडल्यानं देते. रात्री पाजलं की दूध जास्त तयार होतं, म्हणून रात्र सोडायची नाही, असं मी सांगितलं. मग आईनं रात्री उठून बाळ नुसतं उचलून द्यायचं आणि परत घ्यायचं, पोरीनं कुशीवर पडूनच पाजायचं, असं ठरलं. अंगणवाडीतून बाळंतिणीला मातृपूर्णा योजनेचं जेवण मिळतं, पण ते तिथं जाऊन खायचं, आणि आमची बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. तो तिढा नेहमीसारखा तसाच राहिला.

बाराव्या दिवशी २.५००. सोळाव्या दिवशी २.६५०, आणि पावडर तोवर सुटलेली. गुटीवर मी हरले. सहाण उगाळल्याचा वास मला दोनदा आला. आजीनं माझ्याकडे बघितलं, मी बाळाकडे बघितलं. बेचाळिसाव्या दिवशी ३.५००. आजी साखरेची पुडी घेऊन तयारच होती.

सव्वा तीन महिन्यांनी पोरगी सासरी निघाली. आमच्याकडचं कार्ड तायी कार्ड. कन्नडात तायी म्हणजे आई, पण आमच्या बायका ते ताईकार्डच म्हणतात, बहिणीनं दिल्यासारखं. ते सगळं कन्नडात. मी एका वहीच्या कागदावर वजनं, लशीच्या तारखा मराठीत उतरवून आत घातल्या आणि तिकडच्या आशाचा नंबर मिळवून दिला.

चार दिवसांनी त्या आशाचा फोन आला. कागद पावसात भिजला होता, शाई पसरलेली. कार्ड समोर होतं, पण अक्षर लागत नव्हतं. "वाचून दाखवा की ताई," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मी रताळी काढत होते. हात पुसले, बांधावर बसले आणि माझी वही उघडली. "लिहून घ्या," म्हटलं, "जन्माचं वजन दोन किलो सातशे."