फेरीरे : आधी घाव, मग जखम

'फेरीरे' या इटालियन क्रियापदाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून. इटालियन शिकणारे बरेच जण इथे अडखळतात : शब्दकोशात 'फेरीरे' म्हणजे जखमी करणे, मग 'सेंत्सा कोल्पो फेरीरे' म्हणजे 'एकही वार न करता' कसं?

आपला 'घाव' आठवा. 'एक घाव दोन तुकडे' म्हणताना घाव म्हणजे फटका, आणि 'घाव अजून भरला नाही' म्हणताना जखम. फेरीरेही त्याच वाटेने आलं. लॅटिनमध्ये ते मारणे, ठोकणे. जखम करायला 'वुल्नेरारे' हे वेगळं क्रियापद होतं. रोमन लोक तहसुद्धा 'मारत'. पुरोहित गारगोटीने डुकराला मारायचा आणि म्हणायचा, रोमने तह मोडला तर देवा, रोमलाही असंच मार. म्हणून तह करणे म्हणजे 'फोएदुस फेरीरे'.

हा जुना अर्थ इटालियनमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात टिकलाय. 1289 साली काम्पाल्दिनोच्या लढाईत फ्लोरेन्सचे बिनीचे घोडेस्वार होते 'फेदितोरी', म्हणजे पहिला वार करणारे. 'फेदीरे' हे याच क्रियापदाचं जुनं रूप. तटातल्या जंगीला, म्हणजे भिंतीतल्या मारा करायच्या फटीला, आजही 'फेरितोया' म्हणतात. तिथून वार करायचा, म्हणून. मला हा शब्द फार आवडतो.

आता वापर. 'मी जखमी करतो'ला 'फेरो' म्हणू नका, 'फेरीस्को' म्हणा. पुढे फेरीशी, फेरीशे, फेरिआमो, फेरीते, फेरीस्कोनो. यातलं 'फेरीते' फसवं आहे : 'तुम्ही जखमी करता' हा एक अर्थ, 'जखमा' हा दुसरा. स्वतःला लागलं तर 'ओ फेरीतो' चालत नाही, त्याचा अर्थ मी दुसऱ्या कुणाला तरी जखमी केलं असा होतो. 'मी सोनो फेरीतो आल्ला मानो', माझ्या हाताला जखम झाली, हे बरोबर. बाईने 'फेरीता' म्हणायचं. बोट नुसतं कापलं असेल तर फेरीरे जड होतं, 'मी सोनो ताल्यातो उन दीतो' पुरे.

आणि 'प्रेफेरीरे', 'त्रास्फेरीरे', 'रिफेरीरे' यांत जखम शोधू नका. ती 'फेर्रे', म्हणजे वाहून नेणे, या लॅटिन क्रियापदाची लेकरं. 'इंतेरफेरीरे' मात्र खरंच फेरीरेच्या घरातलं आहे, पण इंग्रजी-फ्रेंचमधून फिरून आलेलं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता एकमेकांवर आदळणे, आणि इंग्रजीत ते चालताना स्वतःच्याच पायावर खूर आपटणाऱ्या घोड्याबद्दल वापरत.