डाव्या हातातल्या बांगड्या

माझ्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, पाचच्या पुढं गेलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, "फिस्टुला आत्ताच करून घ्या." मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडतात, मग शीर फुगून जाड होते आणि डायलिसिसच्या, म्हणजे मशीननं रक्त साफ करायच्या, सुया तिच्यात टोचतात. ती तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. त्या हातात बांगड्या नकोत, हेही तेव्हाच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "सवाशिणीचा हात मोकळा? आधी अंबाबाईला जाऊन येऊ, मग बघू." भीती तर मलाही होतीच. चार महिने असेच गेले.

मग एका रात्री आडवं झालं की दम लागायला लागला. अंगात पाणी साठलेलं. बावड्याहून रिक्षानं दवाखाना गाठला आणि मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. त्या नळीनं फार छळलं. डोक्यावरून आंघोळ नाही, कूस बदलायची भीती. तिसऱ्या आठवड्यात मशीन लावलं की हुडहुडी भरून ताप यायचा. नळीत जंतू झालेले. दहा दिवस ॲडमिट. फिस्टुला वेळेत केला असता तर हे टळलं असतं, म्हणून एवढं लिहितेय.

शेवटी फिस्टुला करायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंनीच माझ्या डाव्या हाताला साबण लावून एकेक बांगडी उतरवली. दोन निघेनात, त्या वाढवल्या. तोंडातून एक शब्द काढला नाही.

आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटलो, उपचाराच्या सरकारी महात्मा फुले योजनेत बसलं.

सगळ्यात अवघड पाणी. जेवढी लघवी होते त्यावर अर्धा लिटर, तेही चहा-आमटी धरून. सकाळीच बाटली मोजून भरते. रविवारी घरात तांबडा-पांढरा असतो, माझ्या ताटात नुसत्या दोन फोडी, रस्सा नाही. शेजारच्या काकू मायेनं शहाळं घेऊन आल्या होत्या. त्यातल्या पोटॅशियमनं माझं हृदय बंद पडू शकतं, हे त्यांना सांगताना मलाच भरून आलं. भाज्याही चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून देते.

डाव्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सलाइन नाही, भरलेली कळशी नाही. रोज सकाळी मनगटावर बोटं ठेवून थरथर बघायची, म्हणजे फिस्टुल्यातून रक्त वाहतंय हे कळतं. लागली नाही तर त्याच पावली दवाखाना. मी बघितलं तरी सासूबाई पुन्हा बघतात. डोळे मिटून बोटं ठेवतात आणि म्हणतात, "हाय की गं, चाललंय."